माझ्या स्क्रिप्टमध्ये ‘नाही’ नव्हतं

कंटाळवाणं काम म्हणजे हलकं काम, असं तुम्हाला कुणी शिकवलं? मला कुणी शिकवलं ते मी सांगू शकते. कम्प्युटर क्लासच्या एका मास्तरांनी, दोन इंग्रजी मासिकांनी आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या वर्क्स मॅनेजरनं. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: जे काम रोज तसंच असतं ते माणसाकडून करून घेणं हा माणसाचा अपमान आहे. एकविसाव्या वर्षी हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. आज ते आठवलं की तोंडात कडू पाणी येतं. पन्नाशीकडं झुकल्यावर माणूस जरा मवाळ होतो म्हणतात. या एका गोष्टीपुरती मी झालेले नाही, आणि व्हायची इच्छाही नाही.

मी वाढले ते पत्रकांच्या घरात. अप्पा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरातल्या एका कारखान्यात वाळूचे साचे बनवणारे मोल्डर होते आणि युनियनची सगळी पत्रकं तेच लिहायचे. आमच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं मशीन होतं. त्याचा दांडा फिरवला की खर्र-खट, खर्र-खट असा आवाज यायचा, आणि त्या आवाजात मी पाढे पाठ केले. शाईचा वास कपड्यांना, अंथरुणाला आणि पावसाळ्यात तर भाकरीलाही यायचा. पत्रकं भिंतीवर चिकटवायला ज्वारीच्या पिठाची खळ लागायची. ती आई चुलीवरच शिजवायची, आणि शेजारच्या पातेल्यात हुलग्याचं माडगं. एकदा हुपरीहून आईचे मामेसासरे आले असताना आईनं घाईत त्यांच्या वाटीत खळच वाढली. पावणं भिडेखातर अर्धी वाटी प्याले आणि म्हणाले, माडगं बरं झालंय, जरा मीठ कमी हाय. हे पुढं कित्येक वर्षं आमच्या गल्लीत सांगितलं जायचं. माझ्या शाळेच्या वह्या म्हणजे बिघडलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठी. एका बाजूला माझी गणितं, दुसऱ्या बाजूला ‘कामगार बंधूंनो’.

अप्पांचा एक नियम होता. जे आपण डोळ्यांनी बघितलेलं नाही ते पत्रकात लिहायचं नाही. एकदा कारखान्यातल्या संडासाचं दार मोडलंय असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी लिहिलं, छापलं, आणि सकाळी वाटायच्या आधी स्वतः जाऊन बघितलं तर दार आदल्या दिवशी दुरुस्त झालेलं. सगळा गठ्ठा त्यांनी परत आणला. आई म्हणाली, एवढ्याशा दारासाठी? अप्पा म्हणाले, दार बारकं हाय, पण उद्या मोठं काय लिहिलं तर कोण इश्वास ठेवील? तो गठ्ठा आईनं दोन वर्षं कपाटाच्या फळ्यांवर अंथरला.

अशा घरातली मी बी.एस्सी. करून, कम्प्युटरचा कोर्स करून, शिरोलीच्या फौंड्रीत लागले. अप्पांनी नोकरीला ना म्हटलं नाही, फक्त विचारलं, ‘हापिसात बसणार का खाली?’ मी वर बसणार होते. पहिल्या मजल्यावर काचेची केबिन होती, आणि खाली वितळलेल्या लोखंडाची धग, वाळूचा धुरळा आणि घणांचा आवाज. आमची फौंड्री पुण्याच्या एका गाडी कंपनीसाठी चाकांचे हब ओतायची. हब म्हणजे ज्यावर चाक बसतं तो मधला गोल तुकडा. कंपनीचा नियम असा की प्रत्येक लॉटची तपासणी झाल्यावर तपासणाऱ्यानं स्वतः, आपल्या नावानं आणि आपल्या पासवर्डनं, त्यांच्या पुण्याच्या कम्प्युटरवर लॉगिन करून तसं नोंदवायचं. मग माल इथून हलायचा. आमच्याकडं पाच इन्स्पेक्टर होते. दुपारी चारला पाळी संपताना ते जिना चढून वर यायचे. मी मॉडेमवरून फोन लावायचे, मॉडेम किंचाळायचा, आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची. नाव. पासवर्ड. मेनूतला तीन नंबर. लॉट नंबर. मग चार प्रश्न: माप तपासलं का, पृष्ठभाग बघितला का, आवाज घेतला का, लॉट योग्य आहे का. प्रत्येकाला वाय किंवा एन. मग बाहेर पडायचं आणि पुढच्या लॉटसाठी पुन्हा पहिल्यापासून. रोज तीस-चाळीस वेळा. मधेच फोन तुटला तर परत सगळं.

या पाचांत थोरले होते चौगुले मामा. कागलच्या पुढं हद्दीजवळचं त्यांचं गाव, बोलण्यात मधूनच एखादा कानडी शब्द. त्यांच्याकडं एक लहान हातोडी असायची, वेळूच्या दांड्याची. हब पालथा ठेवायचे, हातोडीनं टोल द्यायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. चांगला हब घंटेसारखा वाजतो, नाद लांबत जातो. आत चीर असली किंवा लोखंडाचा पोत बिघडला असला तर तो बद्द वाजतो, फुटक्या माठासारखा. खालच्या त्या गदारोळात त्यांना ते कसं कळायचं देव जाणे. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी मामा वर येऊन आवाजाच्या प्रश्नाला एन दाबायचे. मग पडद्यावर कारण विचारलं जायचं आणि मामा एका बोटानं, पाठ केलेल्या स्पेलिंगनं, एकेक अक्षर शोधत ‘साउंड नॉट ओके’ असं इंग्रजीत टाइप करायचे. दोन मिनिटं जायची. मागं चौघं उभे, फोनचं बिल चालू, आणि मी पेन आपटत बसलेली. पासवर्ड टाकताना ते डोक्यावरची टोपी काढून कीबोर्डवर धरायचे. आम्ही हसायचो. ते गेल्यावर मी फडक्यानं कीबोर्ड पुसायचे, कारण त्यांच्या बोटांची काजळी मला सहन व्हायची नाही. त्या वयात मला किळस यायची ती या काजळीची. हे मी लिहून ठेवते आहे, कारण पुढं ज्याची किळस यायला हवी होती त्याची यायला मला फार उशीर लागला.

एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी मिळाली. ती मी ऑफिसच्या जुन्या मशीनवर चढवली. तिच्यात एक छोटी भाषा होती, एक्स्पेक्ट नावाची. तिचं काम इतकंच, की समोरून अमुक शब्द येईपर्यंत थांबायचं आणि आला की तमुक उत्तर पाठवायचं. ‘लॉगिन’ दिसलं, नाव पाठव. ‘पासवर्ड’ दिसलं, पासवर्ड पाठव. प्रश्न आला, वाय पाठव. माणसानं कळफलकावर केलेलं आणि या भाषेनं केलेलं, पुण्याच्या कम्प्युटरला दोन्ही सारखंच. आठ दिवसांत मी स्क्रिप्ट लिहिली. पाचही जणांचे पासवर्ड कागदावर मागून घेतले. चौघांनी लगेच दिले. मामा म्हणाले, ‘ह्यो दुसऱ्याला सांगायचा नसतोय म्हणं?’ मी म्हणाले, मामा, मी काय दुसरी आहे का? तुमचा जिना वाचवतेय. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि टोपीच्या अस्तरातून चिठ्ठी काढून दिली. ‘मी काय दुसरी आहे का’ हे वाक्य मी किती लाडात म्हटलं होतं ते मला अजून ऐकू येतं, आणि कान धुवावेसे वाटतात.

सुरुवातीला स्क्रिप्ट त्यांच्या तपासणीच्या कागदांवरून चालायची. ते खालून सही केलेले कागद पाठवायचे, मी लॉट नंबर फाइलमध्ये भरायचे, एक आज्ञा टाइप करायचे आणि चहाला जायचे. परत येईपर्यंत पाचांच्या नावानं सगळे लॉगिन होऊन गेलेले असायचे. ऑफिसनं टाळ्या वाजवल्या. वर्क्स मॅनेजर देसाई साहेबांनी मला सगळ्यांसमोर पेढा दिला. नाकारलेल्या लॉटचं काय करायचं, असं मी विचारलं होतं. साहेब म्हणाले, नाकारलेला माल गाडीत चढतच नाही, मग त्याच्या नोंदीची भानगड कशाला? मला ते पटलं. म्हणून मी स्क्रिप्टमध्ये एनची वाट ठेवलीच नाही. महिन्याभरानं साहेब म्हणाले, कागदांची तरी वाट कशाला बघायची, डिस्पॅचची, म्हणजे बाहेर पाठवायच्या मालाची, यादी सकाळीच तयार असते, तीच वापर, लॉट तेच असतात. तेही पटलं. आता नोंद सकाळी आणि तपासणी दिवसभरात, असं झालं. नावं यादीला आळीपाळीनं लागायची, पहिला लॉट पहिल्याला, दुसरा दुसऱ्याला. मग एक दिवस पाचांतले तिघे घासकाम खात्यात पाठवले गेले, कारण तपासणी ‘वेळेवर होत होती’. तपासायला राहिले मामा आणि आणखी एक जण. त्यांची नावं मात्र माझ्या फाइलमध्ये होती आणि रोज वाय म्हणत होती. मी विचारलं नाही. मला वाटलं, त्यांची नावं काढायची तर यादी परत बसवावी लागेल. आळस म्हणा हवं तर. पत्रकांच्या घरातली मी, आणि एवढं घाण काम मी कंटाळा टाळण्यासाठी केलं.

दीड वर्षानंतर पुण्याहून पत्र आलं. हबचा एक लॉट मशीनवर चढवल्यावर तडकला होता. गाडीत बसण्याआधीच, एवढंच नशीब. एकेक तुकडा तडा गेलेला, हातोडीच्या पहिल्या टोल्याला बद्द वाजला असता असा. नोंदीप्रमाणे लॉट तपासला होता चौगुले यांनी, आवाज घेतला: होय. कंपनीचे दोन अधिकारी चौकशीला येणार होते, आणि त्यांना दाखवायला देसाई साहेबांना एक दोषी माणूस हवा होता. मामांना कामावरून काढायचा कागद तयार झाला. त्यांना निवृत्त व्हायला तीन वर्षं होती. पण कागदात नोकरी जाण्यापेक्षा वाईट एक शब्द होता: ‘खोटी तपासणी’. असा शिक्का बसलेल्या माणसाला शिरोलीत किंवा दुसरीकडं कुठंही कुणी दारात उभं केलं नसतं.

त्या लॉटच्या दिवशी मामा पुतणीच्या लग्नात गावाकडं होते. चार दिवसांची रजा मंजूर होती. मी हजेरीचं मस्टर बघून आले आणि साहेबांकडं गेले. ते केबिनमध्ये भडंग खात होते. त्यांनी ऐकून घेतलं, बोटांना लागलेलं तिखट चाटलं आणि हळू आवाजात मला समजावलं. पासवर्ड मामांनी स्वतःच्या हातानं लिहून दिला होता, म्हणजे जबाबदारी त्यांची. रजेच्या अर्जाचं साहेब स्वतः बघून घेतील. मी फक्त विचारलं तर एवढंच सांगायचं की नोंद इन्स्पेक्टर स्वतः करतात. माझ्या पगारवाढीचा विषय त्यांनी काढला नाही, धमकीही दिली नाही. वाटी माझ्याकडं सरकवून ‘घे की, ताजं आहे’ म्हणाले. मी ती वाटी परत त्यांच्याकडं सरकवली. राग मला घरातनं माहीत होता. पत्रकं रागावरच चालायची. पण ही शिसारी नवी होती, आणि त्यातली निम्मी साहेबांची होती, निम्मी माझी स्वतःची.

घरी येऊन मी अप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी ती स्क्रिप्ट बघायला मागितली. मी तिची छापील प्रत आणली होती, दीड पान. अप्पांना इंग्रजी अक्षरं ओळखता यायची, वाचता फारसं यायचं नाही. मी एकेक ओळ समजावून सांगितली. हे थांबणं, हे पाठवणं. ते चष्मा कपाळावर ढकलून बोट फिरवत राहिले. आईनं ताट वाढलं होतं, खर्डा आणि भाकरी. त्यांनी हात लावला नाही.

‘ह्यात न्हाय कुठं हाय?’ त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, नाही नाहीच आहे त्यात. फक्त हो आहे.

‘मग ह्याला इचारलंच कशाला?’ ते म्हणाले. ‘ज्याला न्हाय म्हणता येत न्हाय त्याला कोण इचारतंय?’

मग आईच म्हणाली की जे लिहिलंस ते लोकांसमोर वाचून दाखव, इथं आम्हाला सांगून काय व्हायचंय. अप्पांना वाटत होतं पत्रक काढावं. मला कळलं होतं की पत्रकानं मामांची सुटका होणार नाही. पुण्याचे अधिकारी कागदावर नाही, पडद्यावर विश्वास ठेवत होते.

चौकशी सकाळी अकराला, वरच्या काचेच्या केबिनमध्ये झाली. दोन अधिकारी, देसाई साहेब, मी कम्प्युटरशी, आणि मामा भिंतीशेजारच्या खुर्चीत, टोपी मांडीवर. मामा म्हणाले, मी लग्नात हुतो. एक अधिकारी हसून म्हणाला की कम्प्युटरमध्ये सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी तुमचं लॉगिन आहे, आणि कम्प्युटर कुणाच्या लग्नाला जात नाही. देसाई साहेबही हसले. मामांनी माझ्याकडं बघितलं. नोंद आता त्यांच्या कागदांवरून होत नाही हे त्यांना माहीत नव्हतं, ते फक्त ओळखीचं माणूस म्हणून बघत होते.

मी म्हणाले, एक मिनिट, दाखवते. साहेब काही बोलायच्या आत मी फाइल उघडली आणि एक लॉट नंबर टाकला. मग खिडकीतून खाली बोट दाखवलं. त्या नंबरच्या लॉटचे साचे अजून जमिनीवर रिकामे पडले होते. लोखंड ओतायचं होतं दुपारी. मी आज्ञा दिली. मॉडेम किंचाळला. पडद्यावर अक्षरं आपोआप पळायला लागली: नाव चौगुले, पासवर्ड, तीन नंबर, लॉट. माप तपासलं, वाय. पृष्ठभाग बघितला, वाय. आवाज घेतला, वाय. लॉट योग्य, वाय. खोलीत कुणी कळफलकाला हात लावलेला नव्हता. अजून जन्मालाही न आलेले हब चौगुले मामांनी तपासून मंजूर केले होते, आणि मामा खुर्चीत बसून स्वतःचं नाव बघत होते.

मग मी सांगितलं की हे मी लिहिलं, दीड वर्ष चालवलं, यादी डिस्पॅचची होती आणि कुणाच्या सांगण्यावरून. मामांवरचा कागद तिथंच फाडला गेला. माझा राजीनामा संध्याकाळपर्यंत टाइप होऊन सहीला आला. देसाई साहेब पुढं दुसऱ्या फौंड्रीत वरच्या जागेवर गेल्याचं ऐकलं. आणि सगळ्यात घाण गोष्ट ही, की जिना उतरताना पुण्याच्या दोघांतला धाकटा अधिकारी माझ्यामागून आला आणि दबक्या आवाजात विचारू लागला की ही भाषा कुठं शिकलात, आमच्याकडंही अशा रोजच्या नोंदी फार असतात. मी त्याच्या बुटांकडं बघितलं. थुंकले नाही, याचा मला आजही पुरता अभिमान वाटत नाही.

मामांनी आभार मानले नाहीत. मानायचं काही कारणही नव्हतं. मी माझा डबा आणि छत्री घेऊन निघाले तेव्हा ते गेटजवळच्या चहाच्या टपरीवर थांबले होते. बसायला सांगितलं.

‘माझ्या नावानं किती येळा व्हय म्हणलीस?’

मी म्हणाले, मोजलं नाही मामा. खूप.

‘आणि मी नसताना?’

ते मात्र माझ्याकडं होतं. आदल्या दिवशी मी मस्टर आणि नोंदी शेजारी ठेवून त्यांच्या रजेच्या दिवसांची यादी काढली होती, चौकशीत लागली तर असावी म्हणून. मी ती पर्समधून काढून त्यांच्या हातात दिली. मामा ती तारीखवार वाचू लागले, तपासताना जसे हब एकेक बाजूला ठेवायचे तसे. ही तारीख पुतणीचं लग्न. ही गावची जत्रा. एका तारखेवर त्यांचं बोट थांबलं. नखाच्या कडेची काजळी मला स्पष्ट दिसली. ते म्हणाले, ‘ह्या दिवशी हिचं आपरेशन हुतं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलेलो सकाळधरनं. पोटात पाणी न्हवतं.’ मग तारखेसमोरची ओळ वाचली. ‘आणि हितं मी नऊ वाजता हब वाजवून बघत हुतो. सहा लॉट.’ टपरीवाल्यानं दोन चहा ठेवले होते. त्यांनी त्यांचा संपवला, माझा तसाच राहिला. उठताना एवढंच म्हणाले, ‘इचारायचं हुतंस की पोरी. मी जिना चढलो असतो.’ यादी त्यांनी घडी घालून खिशात ठेवली.

पुढची वीस-बावीस वर्षं मी याच धंद्यात काढली. स्क्रिप्ट लिहिल्या, अजून लिहिते, आणि कंटाळवाणी कामं यंत्राकडं देणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या कामात माणसाला विचारलेलं असतं, ते काम कितीही कंटाळवाणं असलं तरी ते विचारणं खरं असतं, हे मला त्या टपरीवर कळलं. आता तर मोठमोठ्या कचेऱ्यांत, दवाखान्यांत, शाळांत हेच चालू आहे, आणि पेढे वाटून चालू आहे. माणसं बदलीवर गेली, आजारी पडली, काही तर वारली, तरी त्यांची नावं रोज सकाळी उठून वाय म्हणत असतात.

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे, आणि ते याच आठवड्यात करा. गेल्या वर्षी तुम्ही ज्या दिवशी रजेवर होता त्यातला एक दिवस निवडा, मुलाच्या तापाचा, कुणाच्या लग्नाचा, कुठलाही. तुमच्या ऑफिसच्या कम्प्युटर विभागात जा आणि त्या दिवशी तुमच्या नावानं काय काय मंजूर झालं त्याची यादी लेखी मागा. टाळाटाळ केली तर दुसऱ्या दिवशी परत जा. यादी हातात आली की तिथंच उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकेक ओळ मोठ्यानं वाचा.